दायमाबादचा रथ आणि माझी एक चूक

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण आपल्या प्रवरेकाठची आहे.

१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल्ल नावाचे शेतकरी एका झाडाच्या बुडाशी खणत होते. हाताला लागली चार ब्राँझची शिल्पं. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळी भरीव, मिळून साठ किलोच्या वर. एकटा रथच ४५ सेंटिमीटर लांब. भंगारवाल्याच्या काट्यावर गेली असती तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं. तसं झालं नाही, म्हणून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आपली पोरं ती बघू शकतात.

दायमाबादची पांढरी अभ्यासकांना १९५८ पासून ठाऊक होती. आधी म. न. देशपांडे, मग एस. आर. राव, आणि १९७५ ते ७९ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे अशा पाच वस्त्या एकावर एक निघाल्या. इसवी सनापूर्वी साधारण २२०० ते १०००. म्हणजे बाराशे वर्षं! (यातलं जोर्वे म्हणजे आपल्या संगमनेरजवळचंच गाव बरं का.)

पण खरी गोम पुढे आहे. ती चार शिल्पं उत्खननात सापडलेली नाहीत. कोणत्या थरात होती, शेजारी कसली खापरं होती, याची जागेवरची नोंद नाही. साळी, ढवळीकरांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकवर बोट ठेवून ती बरीच नंतरची असावीत असं म्हटलं. इतकी मोलाची वस्तू, आणि तिच्या वयावरच वाद. यात छबूरावांचा काय दोष? थर जपायचा असतो हे त्यांना सांगितलं होतं कुणी?

मला मात्र ठाऊक होतं, तरी माती खाल्ली. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात शेततळं खोदताना तांबड्यावर काळी नक्षी असलेली खापरं आणि काही मणी निघाले. मी उत्साहात फोटो टाकले, वर गावाचं नाव आणि गट नंबरसुद्धा. तीनशेवर लाइक आले. चौथ्या दिवशी गेलो तर बांधापर्यंत खड्डेच खड्डे. गुप्तधन निघालं अशी आवई उठली होती. मग एका अभ्यासक बाईंना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "किती खोलीवर होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या फोटोत खापर होतं, खड्ड्याची भिंत नव्हती. पोस्ट काढून टाकली, पण उशीर झाला होता.

म्हणून सांगतो, असं काही दिसलं तर उचलू नका, धुऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, खड्ड्याच्या भिंतीचाही काढा. आधी तहसील किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा, फेसबुकला नंतर, आणि तेव्हाही नेमकी जागा न सांगता. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर काय, किती, कुठे, कधी ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खबर दिली म्हणून शेत सरकारजमा होतं, असं त्या कायद्यात कुठेही नाही. मात्र जागा राष्ट्रीय संरक्षित जाहीर झाली तर शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी येते, हे लपवण्यात अर्थ नाही. शेतकरी गप्प बसतो तो उगाच नाही.

आणि तज्ज्ञ मंडळींनाही थोडं बोलतो. साळींचा दायमाबादचा अहवाल १९८६ ला आला, तोही इंग्रजीत. ज्यांच्या जमिनीत हे निघालं त्यांनी तो वाचायचा कसा? गावच्या शाळेच्या भिंतीवर मराठीत एक फलक लावायला किती खर्च येतो?

त्या शेततळ्याचे मालक मला बाजारच्या दिवशी भेटतात. बाईंनी वेचून नेलेल्या खापरांची पिशवी त्यांच्या लक्षात आहे. परवाही विचारत होते, "भाऊ, काय निघालं हो त्यातनं? तुम्हाला तरी सांगितलं का?"