बेभान

बेभान (विशेषण). भान सुटलेला, आनंद, आवेश, प्रेम, संताप किंवा भक्ती यांच्या भरात स्वतःचा विसर पडलेला. फारसी 'बे' हा उपसर्ग आणि संस्कृत 'भान' हे नाम यांची ही जोडणी. 'भान'च्या मुळाशी 'भा', म्हणजे प्रकाशणे, हा धातू आहे. 'प्रभा' आणि 'भानू' त्याच कुळातले. जे उजेडात आले, जाणवले, ते भान. बेशुद्ध, बेसूर, बेताल हे शब्दही असेच दोन भाषांच्या संगमावर जन्मलेले, आणि आज त्यांतला एकही परका वाटत नाही.

या 'बे'बद्दल थोडे थांबून सांगायला हवे. बेभान, बेफाम, बेहोश यांत तो 'नसणे' दाखवतो. 'बेफाम'मधला 'फाम' म्हणजे मुळात समज, अरबीतला 'फहम'. पण 'बेधुंद'मध्ये धुंदी नाहीशी होत नाही, उलट चढते. 'बेछूट'मध्येही छूट कमी न होता वाढते. मराठीने उसना उपसर्ग घेतला आणि त्याला स्वतःच्या मनासारखे वळवले. म्हणून 'बे' दिसला की डोळे मिटून नकार समजू नये.

बेभान हे विशेषण लिंग, वचन, विभक्ती यांनी बदलत नाही. 'वेडा'चे वेडी, वेडे, वेड्या असे होते. बेभान मात्र जसाच्या तसा राहतो: बेभान मुलगा, बेभान पोरी, बेभान गर्दीला. खरा जोर 'होणे' या क्रियापदाबरोबर येतो. 'बेभान माणूस' हे वर्णन झाले. 'माणूस बेभान झाला' म्हटले की भान सुटण्याचा क्षण दिसतो. क्रियाविशेषण म्हणून 'बेभान होऊन' किंवा 'बेभानपणे' चालते, पैकी पहिले कानाला अधिक मराठी वाटते. नाम 'बेभानपणा'.

वाक्यांतले काही उपयोग असे:

'२ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीचा षटकार वानखेडेच्या प्रेक्षकांत जाऊन पडला आणि सारी मुंबई बेभान झाली.'
'ताशाची तर्री सुरू झाली तशी ढोलाची पोरे बेभान होऊन वाजवू लागली.'
'दर्यावर वारा बेभान सुटला होता. होड्या खाडीतच थांबल्या.'
'शेताच्या बांधावरून शब्दाला शब्द वाढला आणि थोरला बेभान होऊन अंगावर धावून गेला.'

पहिली दोन सुखाची, शेवटचे संतापाचे. शब्दाला स्वतःचा रंग नाही, तो प्रसंगातून येतो. कशामुळे बेभान झाला हे वाक्यात कुठेतरी असावेच लागते. नुसते 'जमाव बेभान झाला' असे बातमीत लिहिले, तर वाचकाला जल्लोष कळत नाही आणि दंगलही कळत नाही. वारकऱ्यांविषयी लिहिताना मात्र 'देहभान विसरून' हेच योग्य. तिथे देहाचे भान गेले तरी विठ्ठलाचे असते; रिंगणात धावणारा, टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाकणारा माणूस काही गमावून बसलेला नसतो.

शेजारचे शब्द जवळचे असले तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. बेशुद्ध माणूस आडवा पडलेला असतो, बेभान माणूस उभा असतो, बहुधा धावत किंवा नाचत असतो. सैरभैर म्हणजे काय करावे हे न सुचून इकडेतिकडे होणारा; त्यात घबराट आहे, धुंदी नाही. उन्मत्तात माज आहे. 'सामाजिक भान', 'भाषेचे भान' या अलीकडच्या प्रयोगांत भान म्हणजे जाण. ती नसलेल्याला बेभान कोणी म्हणत नाही.

इंग्रजीतल्या 'डिलिरियस'साठी बेभान हा प्रतिशब्द सर्रास दिला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये: 'लिरा' म्हणजे नांगराचे तास, आणि 'डेलिरारे' म्हणजे तास सोडून भरकटणे. इंग्रजी शब्द तापात बरळणाऱ्यालाही लागतो आणि आनंदाने वेड्या झालेल्यालाही. मराठीने ही दोन घरे वेगळी ठेवली. आनंदासाठी बेभान. तापासाठी विशेषणापेक्षा क्रियापदे: बरळणे, बडबडणे, 'त्याला वात झाला', 'वातात काहीबाही बोलतो'. आयुर्वेदात तिन्ही दोष एकत्र बिघडले की सन्निपातज्वर, आणि प्रलाप हे त्याचे लक्षण. घरातला 'वात' त्याच विचारातून आलेला. गंमत अशी की देवाचे अंगात येते त्यालाही 'वारे' म्हणतात, आणि हुंदडणाऱ्या पोराला कानात वारे शिरलेले वासरू. आजार, संचार आणि उनाडपणा, तिन्हींच्या मागे आपल्या भाषेला वाराच दिसला.

मुदतीच्या तापाने घरोघर माणसे आठवडे-आठवडे अंथरुणाला खिळत, तेव्हा 'वात' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. १९४८ पासून त्या तापावर क्लोरँफेनिकॉल वापरात आले, मग इतर प्रतिजैविके आली, आणि तो शब्द मागे पडत गेला. त्याच्या जागी आता 'भ्रमिष्ट' वापरला जातो, तो मला गैर वाटतो. भ्रमिष्ट म्हणजे बुद्धी कायमची फिरलेला असा त्याचा सूर आहे. तापातला, जंतुसंसर्गातला किंवा शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम तसा नसतो. तो काही तासांत किंवा दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमीजास्त होतो, रात्री बहुधा वाढतो, आणि मूळ कारणावर उपचार झाला की बरेचदा ओसरतो. शिवाय असा रुग्ण आरडाओरडच करतो असे नाही. पुष्कळ वृद्ध नुसते गप्प, पेंगुळलेले पडून राहतात. त्यांना बेभान म्हणताच येणार नाही, कारण त्या शब्दात हालचाल आहे. 'भानावर नाही', 'भान येते-जाते' हे साधे मराठी तिथे अचूक बसते.

म्हणून घरातले म्हातारे माणूस आजारपणात एकाएकी विसंगत बोलू लागले किंवा गप्प झाले, तर डॉक्टरांना 'वेड्यासारखे करतात' असे सांगू नका. भान कधीपासून गेले, मधे कधी आले, रात्री जास्त होते का, एवढे नीट सांगा, आणि ते त्याच दिवशी सांगा.