देवराई व देवाचे डोह

ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले आणि कुऱ्हाडीस मनाई असलेले वन म्हणजे देवराई. कोकणात तिलाच देवरहाटी म्हणतात. नदीपात्रातील जो खोल भाग याच रीतीने मासेमारीस वर्ज्य ठरतो, तो देवाचा डोह. इंद्रायणीकाठी आळंदीलगत वसलेले आणि १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेले चऱ्होली बुद्रुक हे गाव बेताच्या पावसाच्या पट्ट्यात असल्याने तेथे सदाहरित अरण्य संभवत नाही, आणि म्हणून अशा राखणीशी त्या परिसराचा संबंध नसावा असे वाटेल. परंतु लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या घाटमाथ्यावर उगम पावून तुळापुरास भीमेला मिळणाऱ्या इंद्रायणीच्या व शेजारच्या पवनेच्या खोऱ्यात लोकांनी आपण होऊन केलेल्या संरक्षणाचे हे दोन्ही प्रकार आढळतात.

देवराईचा कारभार गावकीकडे असतो. वाळलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, देवळाच्या कामास झाड हवे असल्यास आधी देवाचा कौल घ्यावयाचा, आणि दंडक मोडणाराने गावापुढे उभे राहावयाचे, असे नियम ठिकठिकाणी कमीअधिक फरकाने पाळले जात. मात्र सर्वच देवरायांत उपभोग निषिद्ध असतो, हा समज खरा नव्हे. मावळ तालुक्यात आजिवली येथे वाघजाईची राई आहे. तीत भेर्ली माडांची दाटी असून गावाच्या देखरेखीखाली त्यांची माडी काढली जाते. या माडाचा पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, पुढचे क्रमाने खाली खाली येत जातात आणि अखेरचा फुलोरा संपला की झाड मरते. तेव्हा रस काढताना फळे धरून बी खाली पडावे इतके फुलोरे सोडून देणे, हाच अशा राईच्या टिकावाचा आधार होय. श्रद्धा आणि व्यवहार यांची अशी सांगड जेथे बसली तेथे राई जगली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१८७८ च्या वनकायद्याने जंगलांवरील सरकारी अंमल दृढ झाला आणि गावाच्या हद्दीतील अनेक राया महसूल अथवा जंगल खात्याच्या दफ्तरी दाखल झाल्या. तथापि जंगल खात्याचेच पहिले महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांनी भारतातील पवित्र वनांचे महत्त्व आवर्जून नोंदविले होते. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात गावोगाव हिंडून देवरायांची पद्धतशीर पाहणी केली, व सभोवतीच्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या वृक्षवेलींचा अखेरचा आसरा या लहानशा तुकड्यांत उरला असल्याचे दाखवून दिले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाने आपली राई तोडीतून वाचविण्यासाठी धडपड केली, ती केवळ देवीच्या भयापोटी नव्हे. राईतून वाहणारा झरा गावाच्या पाण्याचा आधार होता, हे ग्रामस्थांस पुरते ठाऊक होते.

राईप्रमाणेच समुद्रातील प्रवाळांच्या रक्षणातही लोकांच्या संमतीचा प्रश्न निर्णायक ठरलेला दिसतो. फिलिपीन्समधील आपो बेटावरील कोळ्यांनी १९८२ साली, सिलिमन विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने, प्रवाळखडकांचा एक भाग मासेमारीस बंद केला आणि त्याची राखण स्वतः पत्करली. उलट मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरांचा प्रवाळयुक्त समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला, तेव्हा तेथील मच्छीमार समाजाने त्यास कडवा विरोध केला. ज्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर पडत आली त्यांना परके मानून काढलेला हुकूम कागदावरच राहावा, यात त्या समाजाचा दोष नाही.

देवाच्या डोहांकडे वळल्यास, देहूस इंद्रायणीच्या डोहातील मासे देवाचे मानून ते मारू नयेत असा दंडक फार जुना आहे. या नदीतील खडस, म्हणजे महाशीर, खोल, थंड व प्राणवायुयुक्त पाण्यावाचून जगत नाही; याच नदीवरील वळवण धरणापाशी सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी टाटांच्या मत्स्यबीजकेंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी करून दाखविले. परंतु राईचे रक्षण करणाऱ्या गावकीस राईची संपूर्ण हद्द आपल्या कक्षेत ठेवता येते, तशी डोहाच्या राखणदारांस नदी ठेवता येत नाही. जाळे टाकणारा हात अडविता येतो, पण वरच्या अंगाने येणारे घरगुती व कारखान्यांचे सांडपाणी अडविता येत नाही, आणि वारीच्या दिवसांतही आळंदीच्या घाटाशी फेस तरंगताना दिसतो. सांडपाणी सोडण्याची संमती देण्याचा व ती काढून घेण्याचा अधिकार १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्याने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिला असून त्या निर्णयात काठावरील गावांच्या ग्रामसभांस स्थान नाही. चऱ्होली बुद्रुक तर महापालिकेत गेल्यापासून ग्रामसभेसच मुकले आहे.