प्रथिनांची पाठराखीण : फळमाशीपासून शैवालापर्यंत

१/ बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले कडा. वैशाखातल्या दुपारी येथे माणूस सावली गाठतो, जनावर झाडाखाली उभे राहते. डबक्यातल्या हिरव्या शैवालाला मात्र त्या पाण्याबाहेर जाता येत नाही. मग ते तगते कसे? या प्रश्नाच्या उत्तरामागे काही दशकांचा इतिहास आहे.

२/ प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक घडीत दुमडली, तरच कामाची. उष्णतेने घडी मोडते आणि साखळ्या एकमेकींना चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तो यामुळेच.

३/ इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. सहकाऱ्याच्या हातून उबवणपेटीचे तापमान वाढले आणि गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले. उष्णतेने काही जनुके जागी झाली होती. एका नामांकित नियतकालिकाने हा निबंध निरुपयोगी ठरवून परत केला. अखेर तो १९६२ साली ‘एक्सपेरिएन्शिया’त छापला गेला.

४/ १९७४ साली अल्फ्रेड टिसिएर व सहकाऱ्यांनी दाखवले की उष्णता वाढताच पेशी काही विशिष्ट प्रथिने वेगाने बनवते. पुढे अशी प्रथिने जिवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र सापडली.

५/ त्यांचे काम काय? १९७८ साली केंब्रिजच्या रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यातील एका प्रथिनाला ‘मॉलिक्युलर शॅपरॉन’ म्हटले. १९८७ साली जॉन एलिस यांनी ही संज्ञा व्यापक केली. शॅपरॉन म्हणजे तरुण मुलीसोबत जाणारी वडीलधारी स्त्री. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. नवरी रुळेपर्यंत ती सोबत करते आणि परतते. ही प्रथिनेही घडी नीट बसेपर्यंतच सोबत असतात, तयार रचनेचा भाग होत नाहीत.

६/ क्रिश्चन अनफिन्सेन यांना १९७२ चे नोबेल मिळाले, ते घडीची माहिती साखळीतच असते हे दाखवल्याबद्दल. ते खरेच आहे. पण पेशीतल्या दाटीत साखळीला चुकीच्या संगतीपासून जपावे लागते.

७/ आता शैवाल. ‘क्लॅमिडोमोनास’ एकपेशीय आहे. त्याचे प्रयोगशाळेतील प्रमाण वाण १९४५ साली अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टजवळच्या बटाट्याच्या शेतातील मातीतून मिळवलेल्या पेशीपासून आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बी. जे. राव यांच्या गटाने या शैवालावर काम केले.

८/ १९९९ साली जर्मनीत मिखाएल श्रोडा व सहकाऱ्यांनी या शैवालाच्या हरितलवकातील ‘एचएसपी७०बी’ ही पाठराखीण अभ्यासली. तीव्र प्रकाशाने बिघडणाऱ्या प्रकाशसंश्लेषण यंत्रणेचे रक्षण आणि दुरुस्ती यांत तिचा वाटा असल्याचे दिसले.

९/ अशा प्रथिनाचा अभ्यास करायचा, तर ते शुद्ध व पुरेसे हवे. म्हणून त्याचे जनुक ‘ई. कोलाय’ जिवाणूत घालून तिथे ते बनवून घेतात. परंतु अशा रीतीने तयार झालेले ‘एचएसपी७०बी’ निष्क्रिय निघाले. शैवालाचेच ‘एचईपी२’ हे प्रथिन सोबत बनवल्यावर ते कामाला लागले. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. पाठराखिणीलाही पाठराखीण लागते!

१०/ कड्याच्या शिवारातल्या ज्वारीच्या पेशींतही याच कुळातील प्रथिने आहेत. यातून उद्याच उन्हाला न डगमगणारे वाण हाती येईल, असे नव्हे. पण पीक ऊन कसे सोसते हे समजून घेण्याची वाट, निरुपयोगी म्हणून परत आलेल्या त्या निबंधापासूनच सुरू होते.