रेणवीय कंपनांच्या मापित व गणित वारंवारता

रेणूतील अणू आपल्या समतोल स्थानांभोवती सतत कंप पावत असतात. या कंपनांच्या वारंवारता अवरक्त किंवा रामन वर्णपटावरून मोजता येतात, तसेच पुंजयामिकीच्या साहाय्याने गणिताने काढता येतात. मापित वारंवारता कोणत्या कंपनाची आहे हे ठरवण्यासाठी आणि रेणूची ऊर्जा काढण्यासाठी दोन्ही संचांचा एकत्र वापर केला जातो.

फरकाचे कारण

सर्वसाधारण गणनेत बंध आदर्श स्प्रिंगप्रमाणे वागतो असे मानतात. अशा वारंवारतेला हरात्मक वारंवारता म्हणतात. प्रत्यक्षात बंध ताणला जाताना सैल होत जातो, त्यामुळे मापित वारंवारता सहसा कमी भरते. पाण्याच्या रेणूसाठी (एकक : प्रति सेंमी) :

सममित ताण : हरात्मक ३८३२, मापित ३६५७
वाकणे : हरात्मक १६४९, मापित १५९५
असममित ताण : हरात्मक ३९४३, मापित ३७५६

प्रमाणन गुणक

गणित वारंवारतांना एका गुणकाने गुणून त्या मापनाजवळ आणता येतात. स्कॉट व रॅडम यांनी १९९६ मध्ये बी३एलवायपी पद्धत व ६-३१जी(डी) आधारसंचासाठी ०.९६१४ हा गुणक दिला. गुणक पद्धतीनुसार बदलतो. गणना बहुधा एकाकी रेणूची असते. हायड्रोजन बंधामुळे घन नमुन्यात होणारे बदल एका गुणकाने भरून निघत नाहीत.

शून्यबिंदू ऊर्जा

वरील हरात्मक वारंवारतांच्या बेरजेचा निम्मा ४७१२, तर मापित वारंवारतांच्या बेरजेचा निम्मा ४५०४ येतो. पाण्याची शून्यबिंदू ऊर्जा सुमारे ४६३८ असून ती या दोहोंच्या मध्ये पडते. दोहोंची सरासरी ४६०८ येते व ती कोणत्याही एका संचापेक्षा अधिक जवळची आहे. दोन अंदाजांतील २०८ चा फरक म्हणजे प्रति मोल सुमारे २.५ किलोजूल. अभिक्रियेच्या ऊर्जेत एवढी चूक राहिली, तर २५ अंश सेल्सिअसला समतोल स्थिरांक सुमारे २.७ पटींनी चुकतो.

उपयोग

रायगड जिल्ह्यातील महाड औद्योगिक वसाहतीत रसायने व औषधद्रव्ये बनवणारे कारखाने आहेत. औषधद्रव्याची ओळख पटवताना नमुन्याचा अवरक्त वर्णपट प्रमाण पदार्थाच्या वर्णपटाशी ताडून पाहतात. त्यासाठी गणनेची गरज नसते. मात्र अनोळखी अशुद्धीचा प्रमाण नमुना उपलब्ध नसल्यास संभाव्य रचनांचे गणित वर्णपट तुलनेसाठी उपयोगी पडतात. केवळ आकडे जुळणे हा पुरावा अपुरा असतो; पट्ट्यांची तीव्रता आणि समस्थानिक बदलल्यावर होणारे स्थलांतरही पाहावे लागते. उदाहरणार्थ, हायड्रोजन क्लोराइडमधील हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आल्यास वारंवारता २८८६ वरून २०९१ वर येते.