पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी

थकलेले कर्ज किंवा अन्य येणे याबाबत दिवाणी न्यायालयाने दिलेल्या हुकूमनाम्यानुसार ती रक्कम प्रत्यक्ष वसूल करण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेस पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी असे म्हणतात. भारतात ही प्रक्रिया दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलमे ३६ ते ७४ आणि आदेश २१ यांनुसार चालते. ज्याच्या बाजूने हुकूमनामा होतो तो 'हुकूमनामाधारक' आणि ज्याच्याविरुद्ध होतो तो 'निर्णीत ऋणको' होय. हुकूमनामा झाला म्हणून पैसे आपोआप हाती येत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातील न्यायालयांत या अर्जास 'दरखास्त' म्हणतात.

पार्श्वभूमी

भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. ऋणकोची बाजूही तितकीच बिकट होती. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे व हुकूमनामे हिसकावून जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करण्यास मनाई केली आणि कर्जव्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपवले.

दरखास्त

दरखास्त हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयात दाखल होते. ऋणकोची मालमत्ता दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत असल्यास हुकूमनामा तेथे पाठवता येतो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार दरखास्तीची मुदत हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून १२ वर्षे आहे. अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयास मूळ निर्णय योग्य की अयोग्य हे पुन्हा तपासता येत नाही.

मालमत्ता शोधून तिचा तपशील देण्याची जबाबदारी मुख्यतः हुकूमनामाधारकावर असते. मात्र ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा आदेश न्यायालय देऊ शकते. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते.

जप्ती आणि लिलाव

जंगम वस्तू न्यायालयाचा बेलिफ ताब्यात घेतो. बँकेतील ठेव किंवा तिऱ्हाइताकडून ऋणकोला येणे असलेली रक्कम मनाई आदेशाने अडवून न्यायालयात भरून घेता येते. पगाराची जप्ती झाल्यास मालकाला तो भाग कापून न्यायालयात पाठवावा लागतो. स्थावर मालमत्तेबाबत हस्तांतरणास मनाई करणारा आदेश काढला जातो आणि दवंडी पिटून व नोटीस डकवून तो जाहीर केला जातो.

त्यानंतर जाहीर लिलाव होतो. स्थावर मालमत्तेच्या लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्यास २५ टक्के रक्कम लगेच आणि उर्वरित रक्कम १५ दिवसांत भरावी लागते. ऋणकोने विक्रीपासून ६० दिवसांत वसुलीची रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के रक्कम जमा केल्यास विक्री रद्द करून घेता येते.

जप्तीतून वगळलेली मालमत्ता

ऋणकोची उपजीविका बंद पडू नये म्हणून कलम ६० ने काही मालमत्तेस संरक्षण दिले आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे, बियाणे व राहते घर यांचा त्यात समावेश होतो. वेतनातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. उदाहरणार्थ, जप्तीयोग्य गणले जाणारे वेतन ३१,००० रुपये असल्यास दरमहा १०,००० रुपयांपर्यंतच कपात होऊ शकते. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ चालत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यास वेगळा नियम आहे.

अटक

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. इतरांच्या बाबतीतही कारणे दाखवण्याची संधी देऊन, ऋणको पळून जाण्याची शक्यता आहे, त्याने लबाडीने मालमत्ता दडवली आहे किंवा ऐपत असूनही तो पैसे देत नाही, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागते. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडता न येणाऱ्यास तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात स्पष्ट केले. हुकूमनाम्याची रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असल्यास कमाल स्थानबद्धता तीन महिन्यांची असते. २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी ती मुळीच नाही. या काळातील ऋणकोचा निर्वाहभत्ता हुकूमनामाधारकाला भरावा लागतो. सुटकेनंतर कर्ज कायम राहते. मात्र त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटक होत नाही.

भरण्याची नोंद आणि विलंब

ऋणकोने न्यायालयाबाहेर पैसे दिल्यास त्याची नोंद न्यायालयात करून घेणे आवश्यक असते. अशी नोंद नसलेला भरणा अंमलबजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही, त्यामुळे तीच रक्कम पुन्हा मागितली जाण्याचा धोका राहतो. दरखास्ती वर्षानुवर्षे रेंगाळत असल्याची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, त्या दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढाव्यात आणि विलंब झाल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावीत, असा निर्देश दिला.