परवान्याची बंदूक आणि आरोग्याचे दफ्तर

1857 च्या उठावाने धास्तावलेल्या सरकारने रयतेच्या हातची शस्त्रे काढून घेण्याचे जे धोरण आरंभिले, त्याला लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत, 1878 च्या शस्त्र कायद्याने, पक्के स्वरूप आले. आणि पेण व रोहा यांच्यामधील ज्या पट्ट्यात कासू हे गाव वसले आहे, त्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातही परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. ही व्यवस्था रयतेच्या जिवाच्या काळजीने उभारलेली नव्हती. तिच्या मुळाशी राज्यकर्त्यांचे भय होते, आणि युरोपियनांना त्या कायद्यातून मिळालेली सूट पाहिली म्हणजे त्याविषयी शंका उरत नाही.

या भयाचे एकांगी रूप आजच्या उरण तालुक्यातील चिरनेरने पाहिले. 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सत्याग्रही तर पडलेच, पण पनवेलचे मामलेदार जोशी हेही प्राणास मुकले. रयतेच्या घरातील एकेका नळीची नोंद ठेवणाऱ्या सरकारला शिपायाच्या हातातील बंदुकीपासून होणाऱ्या अपायाचा हिशेब ठेवावासा वाटला नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

स्वतंत्र भारताने 1959 साली नवा कायदा केला, तेव्हा रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. या बंदुकीच्या नळीत दारू ओतायची, तीवर चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि अखेरीस घोड्याखाली केप बसवायची, असा तिचा विधी. हा बार न उडवता काढणे जिकिरीचे असल्याने भरलेली बंदूक तशीच भिंतीला टांगून ठेवण्याचा मोह पडतो, आणि त्या मोहातच घरातील मुलाच्या हातून, भांडणाच्या भरात, किंवा निराशेच्या एखाद्या रात्री घडणाऱ्या अनर्थाचे बीज असते. रानात तर झुडपामागची हालचाल सावज समजून सोबत्यावरच बार उडाल्याच्या हकीकती कोकणाला नवीन नाहीत. यांतील पुष्कळ माणसे गुन्हेगार नव्हेत. त्यांचा कायदेशीर परवाना चोख असतो.

येथेच आरोग्यशास्त्राची दृष्टी न्यायखात्याच्या दृष्टीहून निराळी होते. महाराष्ट्रात नारूचा उपद्रव होता, तेव्हा दोषी माणूस शोधीत कोणी बसले नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरणाऱ्या रुग्णाच्या पायातून कृमीच्या अळ्या पाण्यात जातात आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात शिरतात, हे ओळखून पायऱ्या बंद करण्यावर भर दिला गेला, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बंदुकीच्या बाबतीतही माणसाचा राग समूळ नाहीसा होईपर्यंत थांबण्यापेक्षा राग आणि घोडा यांच्यामधील वाट लांब करणे अधिक साध्य आहे. 1996 साली जागतिक आरोग्य परिषदेने हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे ठरावाद्वारे मान्य केले. त्याच वर्षी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने 35 माणसे मारली, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाने मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञाने गोळीबाराच्या सुडाची साखळी तोडण्यासाठी त्याच वस्तीत वाढलेली, तेथील तरुणांच्या विश्वासातली माणसे मध्यस्थ म्हणून नेमली. क्षयाच्या आणि पटकीच्या साथी हाताळून आलेल्या वैद्याला हा मार्ग सुचावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्याकडे हा विचार उशिरा, आणि नियमांच्या आडवाटेने आला. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराकडून शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि ते हाताळण्याचे प्रशिक्षण मागितले. 2019 च्या कायदादुरुस्तीने एका माणसाजवळील बंदुकांची मर्यादा 3 वरून 2 वर आणली. परंतु त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 केली, आणि परवानाधारकाची प्रकृती, त्याचे व्यसन, त्याच्या घरातील कलह यांची पुन्हा चौकशी होण्याची संधी तितकी लांबली. हे मला योग्य वाटत नाही. निवडणुका लागल्या की जिल्ह्याची छाननी समिती बंदुका पोलिसठाण्यात जमा करविते. मग घरात मारहाण झाल्याची खबर आल्यावर तीच तत्परता का दाखवू नये?

उरतो तो दफ्तराचा प्रश्न. छर्ऱ्यांनी जखमी झालेला माणूस रुग्णालयात येतो, डॉक्टर पोलिसांना वर्दी देतात, पंचनामा होतो, आणि पुढे तो कागद गुन्ह्याचा किंवा अपघाताचा म्हणून फायलीत जातो. बंदूक कोणाची होती, भरून ठेवलेली होती का, कुलपात होती का, जखमी आणि ती चालविणारा यांचे नाते काय, हे प्रश्न पेणच्या आणि रोह्याच्या डॉक्टरांनी केसपेपरवरच विचारून लिहावेत, आणि वर्षाअखेरीस ते कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या परवाना शाखेत परवान्यांच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचले जावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे आहे.