संदर्भ नमुना : प्लॅस्टिकवरील रंगाच्या दोषतपासणीतील

प्लॅस्टिकच्या भागावरचा रंग सुटला, त्यावर खड्डे पडले किंवा फोड आले, तर कारण शोधताना दोषी भागाशी ताडून पाहण्यासाठी घेतलेला निर्दोष भाग म्हणजे संदर्भ नमुना. कारखान्याच्या भाषेत ही ‘ओके पार्ट’ आणि ‘एनजी (नॉट गुड) पार्ट’ यांची जोडी. प्रयोगशाळेकडे अनेकदा एनजी पार्ट तेवढा येतो आणि तपास तिथेच लंगडा पडतो.

पृष्ठभाग तपासणारी उपकरणे इतकी तीक्ष्ण असतात, की काही ना काही सापडतेच. नमुन्यावर स्फटिक टेकवून घेतलेला अवरक्त वर्णपट साधारण १-२ मायक्रोमीटर खोलीपर्यंतचे सांगतो. क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन उडवून मोजणारी पद्धत वरचे सुमारे १० नॅनोमीटरच पाहते. समजा, सिलिकोन सापडले. ठपका लगेच भाग साच्यातून सुटावा म्हणून मोल्डिंगवाल्याने मारलेल्या स्प्रेवर येतो. पण रंग सारखा पसरावा म्हणून वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, सिलिकोनयुक्त द्रव्य मुद्दाम घातलेलेही असू शकते. ओके पार्टवर तितकेच आणि त्याच प्रकारचे सिलिकोन निघाले, तर त्या पुराव्याला फारसा अर्थ उरत नाही.

संदर्भ नमुना सर्वांत देखणा असण्याची गरज नाही, तो सर्वांत जवळचा हवा. दोष वगळता बाकी सगळे सारखे. मोटारीचा बंपर घेऊ. तो बहुधा रबर मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा मीटरला ३० मिलिन्यूटनच्या आसपास, म्हणजे रंग सहजी न धरणारी. म्हणून रंगाआधी पृष्ठभागावरून ज्योत फिरवतात किंवा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा प्रायमर देतात. ज्योतीचा परिणाम भाग पडून राहिला की ओसरतो. तेव्हा प्लॅस्टिकच्या दाण्यांचा लॉट आणि रंगाचा डबा यांच्याबरोबर, मोल्डिंग ते ज्योत आणि ज्योत ते पेंटिंग किती वेळ गेला हेही जुळायला हवे. बंपर उलटा केला की आतल्या बाजूला साच्याने उठवलेली तारखेची चकती दिसते. नमुना निवडताना आधी ती वाचावी. रंगवताना भाग ज्यावर अडकवतात त्या जिगवरची जागाही लिहून घ्यावी, कारण ओव्हनमध्ये वरच्या आणि खालच्या भागाला सारखी उष्णता मिळतेच असे नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत काम सोपे असते. सूक्ष्मदर्शकाखाली खड्डा उथळ वाटीसारखा दिसतो, कड किंचित उचललेली, मधोमध कधी एखादा कण. त्याच बंपरवर सेंटिमीटरभर बाजूचा गुळगुळीत रंग हाच संदर्भ. रंग सुटला असेल तर मात्र ही युक्ती फसते. बाजूचा रंग अजून सुटलेला नाही, इतकेच खात्रीने म्हणता येते. तिथे पापुद्र्याची खालची बाजू आणि उघडे पडलेले प्लॅस्टिक दोन्ही तपासावी लागतात, आणि ताडायला न रंगवलेला बंपर व नुसत्या प्रायमरचा वाळवलेला थर हवा. पापुद्र्याच्या पाठीला प्लॅस्टिकचीच पातळ साल निघाली, तर रंगाने पकड सोडलेली नसून खालचे प्लॅस्टिकच फाटले आहे.

ओके पार्ट ओके आहे हेही चौकडीच्या छेदांनी आणि चिकटपट्टीने पाहून घ्यावे. यातला घोळ असा, की आयएसओ २४०९ मध्ये ० हा उत्तम आणि ५ वाईट, तर एएसटीएम डी ३३५९ मध्ये ५बी उत्तम. चिठ्ठीवर नुसते ‘५’ लिहिले असेल तर नमुना कोणत्या गटातला हेच कळत नाही.

तपासणी टेबलाजवळ टांगलेला लिमिट सॅम्पल या कामाचा नाही. तो रंगछटा किंवा दोषाची मर्यादा दाखवण्यासाठी असतो. त्याला अनेक हात लागलेले असतात, फडके फिरलेले असते. पॉलिथिनच्या पिशवीचाही भरवसा नसतो, कारण पिशवी सुळसुळीत राहावी म्हणून घातलेले अमाइड नमुन्यावर उतरते. दोन्ही भाग एकाच पिशवीत घातले तर एकावरचे तेल दुसऱ्यावर जाते. तेलाचा अंश नसलेल्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये ते वेगवेगळे गुंडाळावेत आणि खूण मागच्या बाजूला करावी.

वापरातून परत आलेल्या भागाशी कोरा भाग ताडला, तर ऊन-पावसाने झालेला बदलच दोष म्हणून पुढे येतो. त्याच वयाची, त्याच रंगाची दुसरी गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर पुढच्या बंपरवरची नंबरप्लेट काढून तिच्याखालचा रंग पाहावा : तिथे ऊन पोहोचलेले नसते, पण पाणी आणि धूळ पोहोचलेली असते. मात्र स्क्रूच्या भोकांजवळचा भाग सोडावा. तिथे प्लॅस्टिकवर ताण असतो.